त्रैराशिकाचं मलम

‘काका, इथे कुठलं प्रमेय लावायचं?’

दहावीची मुलं हा प्रश्न विचारतात तेव्हा त्यातलं ‘लावायचं’ हे क्रियापद मला खटकतं. मराठीत मलम लावतात, कुलूप लावतात, चुना लावतात, आणि दहावीच्या वर्षात सूत्र लावतात. बाहेरून काहीतरी आणायचं आणि वरवर फासायचं. आत काय दुखतंय ते बघायची गरज नाही.

मी वीसेक वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून घरांचे नकाशे काढले. आता संध्याकाळी आसपासच्या पाच-सहा मुलांना भूमिती शिकवतो. बी.एड. झालेलो नाही, त्यामुळे शिक्षणशास्त्राच्या भाषेत बोलता येणार नाही. पण गुणोत्तर या वस्तूवर माझं पोट चाललं आहे. एकास पन्नास, एकास शंभर, एकास दोनशे. कागदावरचा दोन सेंटीमीटरचा तुकडा म्हणजे जमिनीवरची एक, दोन किंवा चार मीटरची भिंत, हे रोजचं काम. म्हणून शाळेत या वस्तूचं जे काही चाललं आहे ते पाहून राग येतो. तो राग मी इथे मांडणार आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. गुणोत्तर वापरून आकृतीतली न दिलेली लांबी काढायला आपण मुलांना शिकवतो, त्यात भूमिती जवळजवळ नसते. चार चौकटी असतात, तीन भरलेल्या आणि एक रिकामी. तिरकस गुणाकार करायचा, भागायचं, रिकामी चौकट भरायची, मार्क घ्यायचे. खरं गणित त्याच्या आधी संपलेलं असतं. ही दोन गुणोत्तरं मुळात सारखी असावीतच का, या प्रश्नात ते असतं. तो प्रश्न विचारायला पेपरात जागा नाही, वर्गात वेळ नाही, आणि क्लासमध्ये विचारला तर बाकीच्यांचा खोळंबा होतो.

उदाहरणाशिवाय बोलणं म्हणजे नुसता सूर लावणं, म्हणून एक गणित घेऊ. जुन्या पुस्तकांच्या रीतीने अक्षरं मराठीच ठेवतो. त्रिकोण अबक. अब बाजूवर ड हा बिंदू, अक बाजूवर इ हा बिंदू, आणि डइ ही रेषा बकला समांतर. अड २, डब ३, बक १०. तर डइ किती?

वर्षानुवर्षं निम्म्याहून जास्त मुलं मला एकच उत्तर देतात. २ भागिले ३ बरोबर डइ भागिले १०, म्हणून डइ सहा पूर्णांक दोन तृतीयांश. गुणाकार बिनचूक, भागाकार बिनचूक, उत्तर चूक. बरोबर उत्तर ४. कारण लहान त्रिकोण अडइ आणि मोठा त्रिकोण अबक यांची तुलना करायची असेल तर अड ची तुलना पूर्ण अबशी करावी लागते, म्हणजे २ ची ५ शी. डब ही बाजू कुठल्याही समरूप त्रिकोणाची बाजू नाही. ती उरलेल्या तुकड्याची, समलंबाची बाजू आहे.

आता ही चूक आळसातून येत नाही. प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयात अड भागिले डब हेच गुणोत्तर असतं, आणि तिथे ते बरोबरही असतं: अड भागिले डब बरोबर अइ भागिले इक. मुलाने ते इमानदारीने पाठ केलेलं असतं. दोन पानांनंतर समरूप त्रिकोण येतात, तिथे अड भागिले अब असतं. तेही त्याने पाठ केलेलं असतं. गणित समोर आल्यावर दोन पाठांतरं एकमेकांवर आदळतात आणि जे आधी आठवतं ते लागतं. कुठे तुकड्याशी तुकडा आणि कुठे तुकड्याशी अख्खं, हे सांगणारं काही त्याच्याकडे नसतं. सांगणारं एकच असतं, ते म्हणजे ‘का’.

आणि तो ‘का’ काही अवघड नाही. डइ समांतर बक. बइ आणि कड जोडा. त्रिकोण डइब आणि त्रिकोण डइक यांचा पाया एकच, डइ. ब आणि क हे दोन्ही शिरोबिंदू त्या पायाला समांतर रेषेवर, म्हणून उंची सारखी, म्हणून क्षेत्रफळ सारखं. आता वरचा त्रिकोण अडइ घ्या. त्याची आणि डइबची इ पासूनची उंची एकच, म्हणून त्यांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर म्हणजे अड आणि डबचं गुणोत्तर. तसंच अडइ आणि डइक यांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर म्हणजे अइ आणि इकचं. पण डइब आणि डइक तर सारखेच आहेत. संपलं. पाच-सहा वाक्यं आहेत. युक्लिडच्या सहाव्या पुस्तकातलं दुसरं प्रमेय ते हेच, सिद्धताही हीच. आपल्या बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकातही ती याच मार्गाने दिली आहे, त्याआधी सारख्या उंचीच्या त्रिकोणांची क्षेत्रफळं समजावून. पुस्तकाशी माझं भांडण नाही. पुस्तकाचं ते पान ओलांडून थेट ‘सोडवलेली उदाहरणे’कडे उडी मारणाऱ्या सवयीशी आहे. एकदा ही सिद्धता हाताने काढलेलं मूल अड भागिले डब हे डइ च्या शेजारी ठेवत नाही, कारण त्या सगळ्या युक्तिवादात डइ ची लांबी कुठे आलीच नव्हती हे त्याला ठाऊक असतं.

बोर्डाच्या पेपरात हल्ली ‘कृती पूर्ण करा’ असे प्रश्न असतात. सिद्धता छापलेली, मधल्या तीन-चार जागी चौकटी. चौकटीत ‘सामाईक कोन’ किंवा ‘कोको कसोटी’ असं लिहायचं. हेतू चांगला होता, हे मी मान्य करतो. कोरा कागद बघून घाबरणाऱ्या मुलाला बोट धरायला काहीतरी मिळावं. झालं असं की बोटच अभ्यासक्रम झालं. युक्तिवादाची दिशा दुसऱ्याने ठरवलेली, त्यातला कोणता धागा कुठे बांधायचा तेही दुसऱ्याने ठरवलेलं, मुलाने फक्त गाठीवर नाव लिहायचं. शब्दकोडं सोडवणारा माणूस लेखक होत नाही, हे आपल्याला भाषेच्या बाबतीत लगेच पटतं.

आता सूर्य आणि दिवा यांच्याकडे येतो. कारण गुणोत्तराची खरी परीक्षा तिथे होते.

दीड मीटरची काठी उभी केली, तिची सावली १.२ मीटर. त्याच वेळी झाडाची सावली ६.४ मीटर. झाड किती उंच? आठ मीटर. हे सगळ्यांना येतं. मग मी त्याच मुलांना विचारतो, रस्त्यावरचा दिवा सहा मीटर उंच आहे, दीड मीटर उंचीची मुलगी खांबापासून तीन मीटरवर उभी आहे, तिची सावली किती? पुष्कळ जण पाऊण मीटर म्हणतात: सहाला तीन, तर दीडला पाऊण. बरोबर उत्तर एक मीटर, कारण मोठ्या त्रिकोणाचा पाया खांबापासून सावलीच्या टोकापर्यंत जातो, मुलीच्या पायापर्यंत नाही. वरचीच चूक, नवे कपडे घालून. पण इथे आणखी काहीतरी आहे. दिव्याखाली दोन मुली वेगवेगळ्या अंतरावर उभ्या असतील तर उंची आणि सावली यांचं गुणोत्तर दोघींचं वेगळं येतं. उन्हात ते सारखं येतं. का? सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण आपल्यापुरते समांतर असतात. दिवा जवळ आहे, त्याचे किरण एका बिंदूतून फाकतात. उन्हातल्या गणिताच्या तळाशी एवढ्या गोष्टी न बोलता धरलेल्या असतात: किरण समांतर, काठी आणि झाड दोन्ही सरळ उभी, जमीन सपाट, मोजणी एकाच वेळची. यातली एक जरी काढली तरी तिरकस गुणाकार तसाच सुरळीत चालतो आणि खोटं उत्तर देतो.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. पातेल्यात वाफ सगळीकडे सारखी फिरली असेल तरच ती परीक्षा खरी. तळाला लागलेल्या भाताचं वरचं शीत मऊच असतं. घरात स्वयंपाक करणारी कोणीही बाई शीत काढायच्या आधी भात खालून-वरून हलवते. ही हलवण्याची पायरी आपण शाळेत गाळली आहे.

थेल्सची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल, त्याने पिरॅमिडची उंची सावलीवरून काढली ती. ती दोन प्रकारे सांगितली जाते, आणि दोहोंतला फरक मला फार आवडतो. डायोजिनीस लाएर्शियसने नोंदवलेल्या प्रकारात थेल्स थांबतो. माणसाची सावली माणसाएवढी होते त्या क्षणी तो पिरॅमिडची सावली मोजतो. प्लुटार्कच्या प्रकारात तो थांबत नाही. सावलीच्या टोकाशी काठी रोवतो आणि म्हणतो, दोन सावल्यांचं जे गुणोत्तर तेच दोन उंचींचं. दोन्ही गोष्टी थेल्सनंतर कितीतरी शतकांनी लिहिलेल्या, तेव्हा प्रत्यक्षात काय घडलं ते सोडा. पण पहिल्या गोष्टीतला माणूस सूर्याच्या मर्जीवर आहे आणि दुसऱ्या गोष्टीतला नाही. गुणोत्तराने एवढं मोठं स्वातंत्र्य मिळतं, आणि आपण ते ‘आडवा-तिरका गुणा’ म्हणून मुलांच्या हातात देतो.

इथे कोणीतरी म्हणणार की थेल्स कशाला, आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊकच होतं. होतं. आर्यभटीयात, म्हणजे इसवी सन ४९९ मध्ये, दिवा, शंकू आणि सावली यांचे नियम आहेत. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’त सावल्यांवर आख्खं प्रकरण आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. अभिमान बाळगायला मुबलक सामग्री आहे. माझी तक्रार एवढीच की अभिमान बाळगणारे ती सामग्री उघडून बघत नाहीत. त्यातलं एक गणित इथे ठेवतो.

बारा अंगुळं उंचीचा शंकू दिव्याच्या उजेडात उभा केला, त्याची सावली आठ अंगुळं पडली. मग तोच शंकू सावलीच्या टोकाच्या दिशेने दोन हात पुढे नेला, तर सावली बारा अंगुळं झाली. दिवा किती उंच, आणि किती दूर?

गंमत बघा. दिव्याची उंची दिलेली नाही, अंतरही दिलेलं नाही. दिव्याजवळ कोणी गेलेलंच नाही. तिरकस गुणाकारवाला इथे हात टेकतो, कारण त्याच्या दोन चौकटी रिकाम्या आहेत. आता विचार करू. दोन हात म्हणजे ४८ अंगुळं. पहिल्या जागेपासून मोजलं तर पहिल्या सावलीचं टोक ८ वर, दुसरीचं ४८ अधिक १२, म्हणजे ६० वर. टोक ५२ अंगुळं पुढे सरकलं आणि सावली ४ अंगुळं वाढली. म्हणजे सावलीच्या प्रत्येक अंगुळामागे दिव्याच्या पायथ्यापासून टोकापर्यंतचं अंतर १३ अंगुळं. हे तेराचं गुणोत्तर बदलत का नाही? कारण ते दिव्याची उंची आणि शंकूची उंची यांचंच गुणोत्तर आहे. शंकू कुठेही न्या, या दोन उंची त्याच राहतात. मग दिवा शंकूच्या तेरापट उंच: १५६ अंगुळं, म्हणजे साडेसहा हात. पहिल्या सावलीचं टोक पायथ्यापासून आठ गुणिले तेरा, १०४ अंगुळांवर. सगळं हाती आलं, कारण आपण ‘काय बदलत नाही’ हे शोधलं.

याच छायेच्या प्रकरणाच्या अखेरीस भास्कराचार्य म्हणतात की हरीने जसं विश्व व्यापलं आहे तसं हे सगळं गणित त्रैराशिकाने व्यापलं आहे. हे वाक्य व्याख्यानांत ऐकायला मिळतं. त्याच्या अलीकडचं गणित सोडवून दाखवणारा वक्ता मला अजून भेटायचा आहे. त्याऐवजी १९६५ साली छापलेल्या एका पुस्तकातल्या झटपट गुणाकाराच्या युक्त्या ‘वैदिक’ म्हणून सुट्टीच्या वर्गांत विकल्या जातात. गुणाकार झटपट झाल्याने वरचं गणित एका पावलानेही पुढे सरकत नाही. त्यातला सर्वांत मोठा गुणाकार तेरा बारे छप्पन्नासे एवढाच आहे, आणि तो जुन्या पाढ्यांतही होता.

आता दुसरी बाजू. गुणोत्तर कुठे लावायचं हे कळत नसेल तर ते सगळीकडे लागतं. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला दोन फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायला सांगतो. मुलगा म्हणतो, बाजू दुप्पट करा. क्षेत्रफळ चौपट होतं. मग म्हणतो, तीन फूट करा. नऊ होतं, आठ हवं होतं. सॉक्रेटिस त्याला उत्तर सांगत नाही, चुकू देतो, आणि शेवटी मुलगा कर्णावर उभ्या चौरसापाशी येतो. चोवीसशे वर्षांपूर्वीच्या त्या मुलाची पहिली चूक आणि माझ्या अंगणातल्या मुलांची पहिली चूक एकच. फरक असा की त्याला चुकायला वेळ मिळाला.

समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर बाजूंच्या वर्गांच्या गुणोत्तराएवढं असतं, हे प्रमेय मुलांना पाठ असतं. पण तीन फुटांच्या रांगोळीला अर्धा किलो रंग लागला तर तशीच सहा फुटांची काढायला किती, असं विचारलं की उत्तर येतं, एक किलो. दोन किलो लागतो. मोदक सर्व बाजूंनी दुप्पट केला आणि पारीची जाडी तीच ठेवली तर पारीला उकड साधारण चौपट लागते, सारण मात्र आठपट. म्हणून हौसेने केलेला अगडबंब मोदक वाफवताना फुटतो. गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात हीच गोष्ट हाडांबद्दल सांगितली आहे: प्राणी त्याच प्रमाणात मोठा केला तर वजन घनाने वाढतं आणि हाडाची ताकद त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाप्रमाणे, म्हणजे वर्गानेच, म्हणून मोठ्या प्राण्याचं हाड प्रमाणाबाहेर जाड असावं लागतं. ‘प्रमाणाबाहेर’ हा शब्द आपण किती सहज वापरतो.

नुसती मार्कांची गोष्ट असती तर मी लेख लिहिला नसता. माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. इमारतीच्या दारापर्यंत चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प असावा लागतो, आणि त्याचा उतार एकास बारापेक्षा तीव्र नसावा असं आपल्या देशातली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. म्हणजे जोतं जमिनीपासून ६० सेंटीमीटर वर असेल तर रॅम्पची आडवी लांबी ७.२ मीटर, मधले सपाट टप्पे वेगळे. मी ज्या एका कार्यालयात काम करत होतो तिथे, माझ्या शेजारच्या टेबलावर, अशाच जोत्याला २.४ मीटरचा रॅम्प काढला गेला. एकास चार. मी बोललो तर उत्तर मिळालं, ‘रॅम्प दाखवलाय ना? झालं मग.’ तो बांधला गेला. तुम्ही तुमच्या गावातल्या बँका, दवाखाने, सोसायट्या यांच्या दाराशी जाऊन बघा, टेप न्यायचीही गरज नाही. त्या घसरगुंडीवरून खुर्चीतला माणूस एकटा वर जाऊ शकत नाही आणि उतरताना जीव मुठीत धरतो. रॅम्प काढणाऱ्याला दहावीत भूमितीत चांगले मार्क होते, याबद्दल मला शंका नाही. रॅम्प नावाची चौकट होती, त्याने ती भरली. उंची आणि लांबी यांचं ते गुणोत्तर माणसाच्या दंडातल्या ताकदीवरून आलं आहे, हे त्याला कोणी कधी विचारायला लावलं नव्हतं.

‘भूमिती आयुष्यात कुठे उपयोगी पडते?’ असं विचारणाऱ्यांची एक वेगळी फौज आहे. त्यांना मी एवढंच सांगतो की तुमचा सातबारा, तुमच्या गावाचा नकाशा आणि हिमालयाची उंची या सगळ्यामागे मोजलेल्या लांब्या फार थोड्या आणि काढलेल्या लांब्या फार जास्त आहेत. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ साडेसात मैलांच्या आसपासची एक पायारेषा साखळीने जमिनीवर मोजली. तिथून पुढे मुख्यतः कोन मोजले गेले; त्रिकोणाला त्रिकोण चिकटवत, बाजूंची गुणोत्तरं काढत ती जाळी वर हिमालयापर्यंत गेली, अधूनमधून नवी पायारेषा मोजून ताळा घेत. १८५२ मध्ये राधानाथ सिकदार यांच्या हिशेबातून ‘शिखर क्रमांक १५’ सर्वांत उंच असल्याचं दिसलं; १८५६ मध्ये जाहीर झालेली उंची २९,००२ फूट. निरीक्षणं घेतलेली ठिकाणं शंभराहून जास्त मैल दूर होती, आणि माथ्यावर माणूस पोचायला १९५३ उजाडलं. आजचा मान्य आकडा ८८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट; तीस फुटांचा फरक. हे तिरकस गुणाकाराने झालेलं नाही. प्रकाशाचा किरण हवेच्या थरांतून येताना वाकतो, पृथ्वी सपाट नाही, त्यामुळे साधा त्रिकोण तिथे खोटा पडतो. तो किती खोटा पडतो याचा हिशेब हेच सिकदारांचं काम होतं.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. एक शिक्षिका, अतिशय प्रामाणिक आणि कष्टाळू बाई, मला म्हणाल्या, ‘तुमची पाच मुलं आहेत. माझ्या वर्गात साठ आहेत. त्यांतल्या निम्म्यांच्या घरात आधी कोणी दहावी झालेलं नाही. त्यांना सूत्र म्हणजे शिडी आहे. ‘का’ ही ज्यांचं पोट भरलंय त्यांची चैन.’ निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, हे सगळं त्यांच्या डोक्यावर आहे. त्यांना उपदेश करायची माझी हिंमत नाही. पण त्यांच्या युक्तिवादाचा दुसरा भाग मला मान्य नाही, उलट तो पूर्ण उफराटा वाटतो. ज्याच्या घरात विचारायला कोणी नाही त्याला सात सूत्रं पाठ करायला लावणं म्हणजे सात ओझी देणं. एक विसरला की संपलं, आठवण करून देणारा कोणी नाही. कारण कळलेलं मूल विसरलेलं सूत्र स्वतः पुन्हा उभं करतं. चैन म्हणायचीच तर पाठांतर ही चैन आहे. ती महागड्या क्लासच्या सराव परीक्षांवर पोसली जाते.

आणि ‘का’ त्या घरांत नसतो असं कोण म्हणतं? माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाचे वडील गवंडी आहेत. पाया आखताना काटकोन काढायला ते दोरीवर तीन, चार आणि पाच फुटांच्या खुणा करतात, हे तर सगळेच गवंडी करतात. पण खोली मोठी असेल तर ते सहा, आठ आणि दहा घेतात. मुलाला विचारलं, का रे? त्याला ठाऊक नव्हतं, त्याने वडिलांना विचारलं. त्यांचं उत्तर असं: लहान त्रिकोणात बोटभर चूक झाली तर भिंतीच्या दुसऱ्या टोकाला ती वीतभर होते, त्रिकोणच मोठा घेतला तर बोटभर चूक फार फुगत नाही. समरूपतेचा याहून चांगला धडा मी कुठल्याही मार्गदर्शकात वाचलेला नाही. गुणोत्तर टिकतं म्हणून ६-८-१० चालतं, आणि गुणोत्तर टिकतं म्हणूनच चूकही त्याच पटीत वाढते. हा धडा त्या मुलाच्या घरात होता. शाळेने दहा वर्षांत एकदाही त्याला तो आणायला सांगितलं नाही.

कंपासपेटीत दोन गुण्ये असतात. बहुतेक मुलांनी ते समांतर रेषा काढण्यापलीकडे वापरलेले नसतात. पंचेचाळीस अंशांचा गुण्या डोळ्याशी धरा, एक बाजू जमिनीला समांतर, आणि तिरप्या बाजूच्या रेषेत नारळाचा शेंडा येईपर्यंत मागे जा. झाडापासून तुमचं अंतर अधिक तुमच्या डोळ्यांची उंची, एवढं झाड. एका तासिकेचं काम आहे, खर्च शून्य. मुलांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत आणि मग ती आपणहून भांडतात: तुझा गुण्या तिरका होता, जमीन उताराची आहे, तू बुंध्यापासून मोजलं नाहीस. त्या भांडणात सगळ्या न बोललेल्या अटी बोलल्या जातात.

माझी मागणी लहान आहे. अभ्यासक्रम बदलू नका, नवं पुस्तक काढू नका, ‘कृतियुक्त’ असं नाव देऊन आणखी एक वही शिक्षकांच्या गळ्यात मारू नका. भूमितीचा पेपर ४० मार्कांचा आहे. त्यातले फक्त दोन मार्क अशा प्रश्नाला द्या, ज्यात गुणोत्तर लागत नाही. उदाहरणार्थ: काठीची सावली दुपारी बारा वाजता मोजली, झाडाची चार वाजता, झाडाची उंची काढता येईल का? कारण लिहा. किंवा दोन त्रिकोण द्या, जे दिसायला समरूप आहेत पण एकही कोन सारखा असल्याचं दिलेलं नाही. एकदा असा प्रश्न पेपरात आला की क्लासवालेही ‘का’ शिकवायला लागतील, कारण त्यांना बाजार कळतो.

यावर मला मिळालेलं उत्तर असं, की असा प्रश्न तपासणार कसा? नमुना उत्तरात काय लिहायचं? हजारो परीक्षक, प्रत्येक जण वेगळे मार्क देईल. ‘सांगता येत नाही, कारण दोन सावल्या वेगवेगळ्या वेळी मोजल्या आहेत.’ हे आहे नमुना उत्तर. सांगता येत नाही याला एक मार्क, कारणाला एक. कारण दुसऱ्या शब्दांत लिहिलं असेल तर परीक्षकाने ते वाक्य वाचावं लागेल, हे खरं आहे. दहा सेकंद जास्त लागतील. त्यासाठी समिती नेमायची असेल तर तीही नेमा; पण पुढच्या मार्चच्या पेपरात तो प्रश्न दिसू दे.